योसेफाचे पुरुषत्व

आपल्या समाजात सध्या एक तक्रार वाढत्या सुरात ऐकू येते. लग्नाच्या मांडवात, चर्चच्या आवारात, नाक्यावरच्या बैठकीत प्रौढ आणि तरुण अशा दोन्ही पिढ्यांचे पुरुष म्हणू लागले आहेत, की नव्या कायद्यांनी, शिकलेल्या सुनांनी आणि स्त्रीमुक्तीच्या व्याख्यानांनी पुरुषाला पुरुष म्हणून राहू दिलेले नाही. निसर्गाने, नव्हे प्रत्यक्ष परमेश्वराने, ज्याला घराचा धनी नेमले तो आता बायकोला विचारून उठतो-बसतो, असा या तक्रारीचा मथितार्थ असतो. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती करणारी माणसे आपलीच आहेत. मिस्साला येणारी, मुलांच्या फिया भरणारी, सणाला उदार हाताने देणारी माणसे आहेत. म्हणूनच तिला गांभीर्याने उत्तर द्यावयास हवे. आमचे उत्तर असे, की ही मंडळी ज्याला पुरुषत्व म्हणतात ते निव्वळ नरत्व आहे. आणि ख्रिस्ती माणसाने त्याचा अभिमान मिरवावा, असे त्यात काहीही नाही.

मराठी भाषेने या बाबतीत आपली मोठी सोय करून ठेवली आहे. तिच्याजवळ 'नर' हा एक शब्द आहे आणि 'पुरुष' हा दुसरा. वाडीत पपईचे झाड नर निघाले तर ते आपण ओळखतो. बैल नर असतो, कोंबडा नर असतो. पण त्यांना कोणी पुरुष म्हणत नाही आणि त्यांच्याकडून कोणी पुरुषार्थाची अपेक्षाही करीत नाही. नरत्व जन्मासोबत येते, त्यासाठी काही करावे लागत नाही. पुरुषार्थ मात्र करावा लागतो. शब्दाच्या घडणीतच ती गोष्ट आहे. असे असताना आपल्या गावांत पुरुषाची मापे कोणती ठरली आहेत, ते पाहा. किती पेले रिचवले तरी पाय न डगमगणे, बायको समोर आवाज न चढवणे, पहिला मुलगा होणे, डोळ्यांतून पाणी न येणे. यांपैकी एखाद्या मापाला कोणी कमी पडला की 'बायल्या' हा शब्द तयारच असतो. एखाद्याने आजारी पत्नीचे कपडे वाळत घातले तरी तो 'बाईलवेडा' ठरतो. शब्द हसत हसत उच्चारला जातो. पण तो ऐकलेला तरुण पुन्हा दोरीपाशी दिसत नाही.

हे सारे निसर्गाने ठरवलेले आहे, असा दावा असल्यामुळे प्रथम निसर्गालाच विचारू. देह पुरुषाचा व्हावा म्हणून गर्भात जी किल्ली फिरते ती वाय गुणसूत्रावरील एसआरवाय नावाच्या जनुकात असते, हे १९९० साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हे जनुक नराचा देह घडवण्याच्या कामाला चालना देते. घरात ताटे कोणी उचलावीत, जमिनीच्या कागदावर कोणाचे नाव असावे, याविषयी त्यात एक अक्षरही लिहिलेले नाही. उलट त्यात एक गोष्ट मात्र नक्की आहे: मूल मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. तरीही लागोपाठ तीन मुली झाल्या की टोमणे कोणाला ऐकावे लागतात, हे सांगायला नको. म्हणजे आपला निसर्गवाद सोयीचा आहे. अधिकार सांगायचा तेव्हा निसर्ग पुरुषाच्या बाजूचा, आणि दोष द्यायची वेळ आली की निसर्ग विसरायचा.

कोणी म्हणेल, जनुकाचे सोडा, पुरुषी संप्रेरकाचे काय? आक्रमकता, वर्चस्वाची ओढ ही तर रक्तातच असते. फिलिपिन्स या कॅथलिकबहुल देशातील सेबू येथे ६२४ तरुणांच्या टेस्टोस्टेरॉनची मोजणी २००५ साली आणि पुन्हा २००९ साली करण्यात आली. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. या चार वर्षांत ज्यांनी लग्न केले आणि जे पिता झाले, त्यांच्यातील हे संप्रेरक इतरांपेक्षा अधिक उतरले होते. पित्यांमध्येही जे दिवसातले तीन तास किंवा अधिक वेळ मुलाच्या संगोपनात घालवीत होते, त्यांचे प्रमाण, मुलाची देखभाल न करणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. याचा अर्थ ते पुरुष उणे झाले, असा नव्हे. याचा अर्थ एवढाच, की ज्या देहाच्या नावाने आपण वर्चस्वाची ग्वाही देतो, तो देहच तान्हे मूल हाती येताच स्वतःला बदलून घेतो. निसर्गाचीच साक्ष काढायची तर ती पुरी काढावी.

पण ख्रिस्ती माणसाला शेवटचा शब्द निसर्गाकडून घ्यायचा नसतो. तो शुभवर्तमानाकडून घ्यायचा असतो. आणि शुभवर्तमान पुरुषाविषयी बोलू लागते तेव्हा ते आपल्यासमोर जो पहिला पुरुष उभा करते, त्याच्याकडे आपण आजवर नीट पाहिलेलेच नाही. संत योसेफाची मूर्ती आपल्या बहुतेक चर्चमध्ये आहे. आपल्यातील कितीतरी जणांची नावे जोसेफ आहेत. तरीसुद्धा मत्तयाने सांगितलेली योसेफाची कथा आपण नाताळच्या गोठ्यापुरतीच ठेवली आहे.

मत्तय आपल्या शुभवर्तमानाची सुरुवात वंशावळीने करतो. अब्राहामापासून पिढ्यान्‌पिढ्या 'अमक्याला अमका झाला' अशी पुरुषांची साखळी येते. ती योसेफापर्यंत येते आणि तिथे तुटते. योसेफाला येशू झाला, असे मत्तय म्हणत नाही. योसेफ हा मरियेचा पती, आणि मरियेपासून येशू जन्मला, असे तो लिहितो. रक्ताच्या धाग्याला एवढे महत्त्व देणाऱ्या समाजात रक्ताचा धागा ऐन मोक्याच्या ठिकाणी तुटला आहे. मग येशू दाविदाच्या घराण्यातला कसा ठरला? योसेफाने त्याचे नाव ठेवले म्हणून. दूताने त्याला तेच काम सांगितले होते आणि त्याने तेच केले. नाव ठेवणे म्हणजे हे मूल माझे, असे समाजासमोर जाहीर करणे. तारणाऱ्याला त्याचे घराणे मिळाले ते एका पुरुषाच्या शब्दामुळे, बीजामुळे नव्हे.

आणि त्याआधी काय घडले? वाग्दत्त वधू गरोदर आहे आणि मूल आपले नाही, हे योसेफाला कळले. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात अशा वधूला धोंडमाराची शिक्षा आहे. कायदा त्याच्या बाजूचा होता, गाव त्याच्या बाजूने उभे राहिले असते, आणि आजच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या 'इज्जती'चा प्रश्न होता. स्वप्नात दूत येण्याच्या आधीच, काहीही उलगडा झालेला नसताना, तिची बेअब्रू करायची नाही, असा निर्णय या माणसाने घेतला. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो ते इथे. अपमान झाला अशी समजूत असताना, हाती अधिकार असताना ज्याने हात उगारला नाही, तो आपला आदर्श पुरुष आहे. नंतर हेरोदाच्या भयाने रात्रीच उठून, जे आपल्या रक्ताचे नाही त्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन तो परक्या देशात गेला. धंद्याची घडी मोडली, भाषा बदलली, ओळख गेली. त्याची तक्रार कुठे नोंदलेली नाही.

एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. जुन्या चित्रांतून योसेफ पांढऱ्या दाढीचा, काठी टेकणारा म्हातारा दिसतो. बायबलमध्ये त्याच्या वयाचा उल्लेख नाही. तो वयस्कर विधुर होता ही कल्पना दुसऱ्या शतकातील, बायबलबाह्य अशा याकोबाच्या नावावरील ग्रंथातून आली. मरियेच्या कौमार्याचे रक्षण व्हावे म्हणून भाविकांनी तिच्या पतीला म्हातारे केले. या भक्तीमागे एक अविश्वास दडलेला आहे: तरणाताठा पुरुष स्वतःला आवरू शकेल, हे पटतच नाही. हाच अविश्वास आजही 'पुरुष तो पुरुषच' या वाक्यातून डोकावतो. पुरुषांची बाजू घेतो असे म्हणणारेच हे वाक्य सर्वाधिक वापरतात, हा विनोद आहे. पुरुषाला आपल्या वासनेचा आणि रागाचा गुलाम ठरवणे, याहून त्याचा मोठा अपमान आम्हांला दुसरा माहीत नाही. योसेफ धट्टाकट्टा सुतार होता, असे मानूनच त्याचा संयम आणि त्याची निष्ठा यांना अर्थ येतो.

हा सगळा उपदेश झाला, व्यवहारात काय, असे कोणी विचारील. म्हणून एका दुखऱ्या जागी बोट ठेवतो. लग्नाला पाच-सहा वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, अशी जोडपी प्रत्येक धर्मग्रामात आहेत. वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस पत्नी बोलते, वेलांकनीची वारी तिच्या नावे होते, तपासण्या तिच्या होतात, सुया तिला टोचतात. पती मात्र साध्या वीर्यतपासणीला जायला तयार नसतो. वैद्यकशास्त्र सांगते, की अपत्यहीनतेच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा पत्नीकडील कारणासोबत असतेच. ज्याच्यावर उपचार होऊ शकतो, असा दोषही कित्येकदा त्यात निघतो. तरीही अहवालाचा कागद म्हणजे आपल्या पुरुषत्वाचा मृत्युदाखला, असे समजून हा माणूस गप्प बसतो, आणि त्याच्या मौनाची किंमत एक स्त्री 'वांझ' हा शब्द ऐकून चुकवते. हे मौन योसेफाचे नव्हे. योसेफाचे मौन स्त्रीला वाचवणारे होते. हे तिला पुढे करून स्वतः मागे दडणारे आहे.

अशा घरात कोणी दत्तकाचा विषय काढला, की वडीलधारे म्हणतात, 'कोणाचं रक्त, कोण जाणे!' ज्या घराच्या भिंतीवर पवित्र कुटुंबाची तसबीर आहे, त्याच घरात हे वाक्य उच्चारले जाते. त्या तसबिरीतील पिता आणि पुत्र यांच्यात रक्ताचे नाते नाही, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

एके काळी कायद्याची सबब तरी होती. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली केवळ पालक होता येई, मूल वारस होत नसे. २००० चा बालन्याय कायदा आणि त्यातील २००६ ची दुरुस्ती यांनी ती अडचण दूर केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याने मूल दत्तक घेता येते, हे स्पष्ट केले, आणि २०१५ च्या नव्या कायद्याने तीच वाट कायम ठेवली. दत्तक मूल आज ख्रिस्ती घरात पोटच्या मुलाइतकेच हक्काचे असते. देशात दत्तकेच्छू पालकांची रांग मोठी आहे, हे खरे; पण बहुतेकांना तान्हे आणि निरोगी मूल हवे असते, आणि वयाने मोठी किंवा अपंग मुले संस्थेतच वाढतात. कायद्याची भिंत पडली; आता उभी आहे ती रक्ताच्या अभिमानाची. ती कायदेमंडळ पाडू शकत नाही. ती पुरुषांनीच पाडायची आहे.

आता आमच्या विरोधकांचा सर्वांत भक्कम आधार घेऊ. 'पती हा पत्नीचे मस्तक आहे, असे संत पौलाने इफिसकरांस लिहिलेले नाही काय?' लिहिले आहे. परंतु हा उतारा पाठ म्हणणारे तो उशिरा सुरू करतात आणि आधीच थांबवतात. पाचव्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात सर्वांनी परस्परांच्या अधीन असावे, असे सांगून पौल पुढे जातो. आणि पंचविसाव्या वचनात पतींना सांगतो, की ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर प्रेम केले तसे त्यांनी पत्नीवर करावे. ख्रिस्ताने कसे प्रेम केले? तिच्याकडून सेवा घेऊन नव्हे, तिच्यासाठी स्वतःला देऊन. मस्तकपणाचे माप क्रूस हे आहे. ज्याला तो पद मागायचा आहे त्याने मापही मान्य करावे.

हे आमचे पदरचे विवरण नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ सालच्या स्त्रीप्रतिष्ठेविषयीच्या प्रेषितीय पत्रात याच उताऱ्याचा अर्थ परस्पर अधीनता असा लावला. त्याआधी १९८१ मध्ये कुटुंबाविषयीच्या पत्रात त्यांनी पित्याची गैरहजेरी आणि पित्याची दडपशाही या दोहोंना सारखेच घातक म्हटले, आणि स्त्रीला हीन लेखणाऱ्या मर्दानी अहंकाराचा नाव घेऊन निषेध केला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली, आणि तेही संत योसेफाच्या सणादिवशी, १९ मार्चला सही केलेल्या कुटुंबविषयक पत्रात स्पष्ट केले, की घरकाम किंवा मुलांचे संगोपन अंगावर घेतल्याने पतीचे पुरुषत्व उणावत नाही. योसेफ सार्वत्रिक ख्रिस्तसभेचा आश्रयदाता घोषित झाल्याला २०२० साली १५० वर्षे झाली, तेव्हा त्यांनी आणखी एक पत्र लिहिले. पिता जन्मतः कोणी नसतो. मूल जन्माला घालून नव्हे, तर त्याची जबाबदारी उचलून माणूस पिता होतो, हा त्याचा गाभा आहे. तेव्हा ज्यांना आमचे म्हणणे 'बाहेरून आलेले' वाटते, त्यांनी ते कोणत्या दारातून आले, हे पाहून घ्यावे.

खरे तर बाहेरून आले ते दुसरेच काहीतरी. १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती पतीला पत्नीचा केवळ व्यभिचार दाखवून सुटका मिळत असे. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार पुरेसा नव्हता, जोडीला क्रौर्य किंवा तत्सम काही सिद्ध करावे लागे. ख्रिस्तसभा विवाह अभंग मानते, त्यामुळे घटस्फोटाचा पुरस्कार आम्हांला करायचा नाही. पण ब्रिटिश राज्यकर्त्यांनी केलेला, पुरुषाचे पाप हलके आणि स्त्रीचे जड मानणारा तो तराजू आपल्या नावाने १३२ वर्षे चालला आणि २००१ साली मोडला. आपण त्याला श्रद्धेचा भाग समजत राहिलो. दगड मारायला आलेल्या जमावासमोर प्रभूने असा कोणताच तराजू मान्य केला नव्हता.

'मग काय, पुरुषांनी शौर्य टाकून द्यावे?' मुळीच नाही. शौर्य हवेच, प्रश्न एवढाच, की ते कशाला म्हणावे. आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जपानात व्यापार करीत होता. तो सोडून तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला, मिशनऱ्यांचा दुभाषी म्हणून राबला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण पत्करता झाला. त्या सोबत्यांत बारा-चौदा वर्षांची मुले होती. त्याच्या हाती तलवार नव्हती, त्याच्यामागे संतती नव्हती, आणि तरीही त्याच्याहून मोठा मर्द या मातीत दाखवता येणार नाही. आपले ब्रह्मचारी धर्मगुरूही त्याच परंपरेतले आहेत. हरित वसईच्या आंदोलनात धमक्यांना न जुमानता फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पौरुषाविषयी कोणाला शंका आली नाही. पुरुषत्व जर बीजात आणि बळजोरीत असते, तर आपली वेदी पुरुषांनी रिकामी म्हणावी लागली असती.

आणि स्वतः प्रभू? त्याने शिष्यांचे पाय धुतले. ते काम त्या काळी गुलामाचे. लाझरसाच्या कबरीपाशी तो चारचौघांत रडला. पेत्राने तलवार उपसली तेव्हा त्याने ती म्यान करायला लावली. पुनरुत्थानानंतर, मृत्यूवर विजय मिळवलेल्या अवस्थेत, तिबिर्याच्या किनाऱ्यावर त्याने काय केले? रात्रभर समुद्रात राबून आलेल्या माणसांसाठी निखारे पेटवून मासळी भाजली आणि त्यांना जेवायला बोलावले. आपल्या किनाऱ्यावरच्या किती पुरुषांना चुलीपाशी बसणे कमीपणाचे वाटते! २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत देशातील शंभरांपैकी जेमतेम २६ पुरुष घरकामात भाग घेत असल्याचे दिसले. घेणारेही दिवसाला सरासरी ९७ मिनिटे देत होते. स्त्रिया २९९ मिनिटे. भल्या पहाटे भाजीची टोपली घेऊन दादरची गाडी पकडणाऱ्या, परतल्यावर पुन्हा चूल पेटवणाऱ्या आपल्या आयांना हे आकडे नवे वाटणार नाहीत.

याहून काळा आकडाही आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, लग्न झालेल्या शंभर स्त्रियांपैकी २९ जणींनी पतीकडून कधी ना कधी हिंसा सोसली होती. हा देशाचा आकडा आहे, आपल्या धर्मग्रामाचा नव्हे, असे म्हणून सुटका करून घेणाऱ्याने शनिवारच्या रात्री आपल्याच गल्लीतून एक फेरी मारावी.

या खोट्या पुरुषत्वाने पुरुषाचेही भले केलेले नाही, हे तक्रार करणाऱ्या बांधवांना आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. ज्याला रडायला बंदी, ज्याला कर्ज झाले तर सांगायला बंदी, नोकरी गेली तर घरी कबूल करायला बंदी, तो शेवटी बाटलीकडे जातो किंवा दोराकडे. प्रवचन सुरू झाले की आपल्याकडे पुरुषांचा एक घोळका चर्चच्या दाराबाहेर उभा राहतो. आपण त्यांना आळशी म्हणतो. आम्हांला वाटते, गुडघे टेकणे हे बायकांचे काम, हा धडा त्यांना लहानपणीच मिळालेला असतो. आत आले तर आपण उघडे पडू, या भीतीने ते बाहेर थांबतात. त्यांची कीव करू नये. त्यांना आत बोलवावे.

एका कागदाविषयी बोललो नाही, तर हे लिखाण अपुरे राहील. तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मुलाला आणि मुलीला समान वाटा मिळतो. केरळात त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने मुलीचा वाटा मुलाच्या चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते, असा ठेवला होता; मेरी रॉय या ख्रिस्ती स्त्रीने लढून १९८६ साली सर्वोच्च न्यायालयातून ती बेडी तोडली. आपल्याला तर न लढताच समान हक्क मिळाला होता. पण वाडीच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आणि बहिणींच्या सह्यांची मागणी सुरू झाली. 'भावाशी वाईटपणा कशाला?' या एका वाक्यावर लाखोंचे हक्क सोडून दिले जातात. स्वखुशीने दिले असेल तर आमचे काही म्हणणे नाही. पण माहेर तुटेल, या धाकाने घेतलेली सही ही भेट नसते. बहिणीचा वाटा गिळून, त्याच्या विक्रीतून बंगला बांधून, त्या बंगल्याला 'होली फॅमिली' असे नाव देणारा भाऊ कोणत्या मापाने पुरुष ठरतो?

देह ही देवाची देणगी आहे आणि पुरुषदेहाची लाज कोणी बाळगू नये; पुरुषत्व हे निव्वळ थोतांड आहे, असे म्हणणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. परंतु देणगी म्हणजे कर्तबगारी नव्हे. बळ मिळाले आहे, नाव मिळाले आहे, समाजात आवाज मिळाला आहे, कागदावर जमीन मिळाली आहे. हे कोणासाठी खर्ची पडते, यावर माणूस पुरुष ठरतो; ते किती साठवले, यावर नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. विवाहपूर्व शिबिरात वधूला सहनशीलता शिकवली जाते, तितकाच वेळ वराला संयम शिकवण्यात जावा. मूल होत नसेल, तर नवसाआधी पती-पत्नी दोघांनी मिळून तपासणीला जावे आणि अहवाल काहीही आला तरी तो दोघांचा मानावा. लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत दत्तकविधानाची माहिती देण्याचे काम पुरुषांनी करावे. हक्कसोडपत्र पुढे करण्यापूर्वी भावाने बहिणीला तिचा वाटा आकड्यात सांगावा. आणि ज्या घरात हात उगारला जातो, त्या घरच्या पुरुषाला, तो कितीही मोठा देणगीदार असला तरी, पाळकीय मंडळात जागा देऊ नये.

शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही. मत्तय त्याच्याविषयी पुन्हा पुन्हा एकच क्रियापद वापरतो: तो उठला. उठून त्याने मरियेला घरी आणले, उठून तो मिसरात गेला, उठून तो परत आला. येत्या १९ मार्चला आपण त्याच्या मूर्तीला हार घालू. त्या दिवशी आपल्या घरात कोणासाठी उठायचे राहून गेले आहे, एवढे प्रत्येक पुरुषाने स्वतःला विचारावे, आणि उत्तर मिळताच उठावे.